पाठीवरचा हात आणि आतला पडदा

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर कोमट पाणी टाकतात, लोणी-हळद किंवा तेल लावतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि तळहाताने तो भाग बराच वेळ चोळतात. बैल मान सैल सोडून उभा राहतो. मग त्याला उद्याच्या जेवणाचे आवतन दिले जाते. राळेगाव असो, घाटंजी असो की पुसद, ज्यांच्या दावणीला अजून जोडी उरली आहे त्यांच्याकडे ही रीत टिकून आहे. राबणाऱ्या अंगाला काय लागते, याची पक्की जाण तिच्यात दिसते: ऊब, तेल आणि घाई नसलेला माणसाचा हात.

त्याच दिवसांत, त्याच शेतात निंदण चालू असते. पऱ्हाटीच्या ओळींतून बाया पात धरून, उकिडव्या बसून किंवा कमरेत वाकून, खुरप्याने तण काढत पुढे सरकतात. पुढे सोयाबीनची सोंगणी येते. एका हातात विळा, दुसऱ्या हातात झाडांची मूठ आणि पाठ जमिनीला समांतर. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि कमरेला बांधलेली ओटी भरत जाते. संध्याकाळी घराघरांत एकच बोलणे ऐकू येते. कंबर धरली. उसण भरली. पाठीत चमक निघते.

हे जे धरते, भरते आणि चमकते, ते नेमके काय असते? बराच काळ वैद्यकाने याचे उत्तर फक्त हाडे, मणके, गादी आणि स्नायू यांत शोधले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात एक नवे नाव आले आहे, फॅशिया. मराठी वैद्यकीय परिभाषेत त्याला प्रावरणी म्हणतात.

फॅशिया पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मटण साफ करताना खाटीक सुरीच्या टोकाने जो पांढरट, ओलसर, चिवट पडदा सोलून बाजूला टाकतो, तोच फॅशिया. माणसाच्या शरीरात तो कातडीखाली सैलसर थर म्हणून असतो, प्रत्येक स्नायूभोवती असतो, स्नायूच्या आत शिरून त्याच्या तंतूंच्या जुड्या बांधतो, आणि नसा व रक्तवाहिन्यांना वाट करून देतो. कोलॅजनच्या धाग्यांनी तो विणलेला असतो. थरांच्या मध्ये हायल्युरॉनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. त्याच्यामुळे हात वर करताना, वाकताना, मान वळवताना एक थर दुसऱ्यावरून सरकतो. कमरेच्या मागच्या बाजूला या पडद्याचा एक जाड, अनेकपदरी पट्टा आहे. पाठीचे, पोटाचे आणि कुल्ल्यांचे मोठे स्नायू त्यात येऊन मिळतात. शेतमजुराच्या अंगातली सर्वांत जास्त राबणारी जागा कोणती, असे विचारले तर या पट्ट्याकडे बोट दाखवावे लागेल.

शरीरविच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केले, तेच खाटीक करतो. स्नायू नीट दिसावा म्हणून वरचा पडदा खरवडून फेकायचा. फेकलेल्या गोष्टीचा अभ्यास होत नाही. फॅशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद बोस्टनला भरली ती २००७ साली, म्हणजे अगदी अलीकडे.

आपल्याकडे सुश्रुताने मात्र विच्छेदनाची वेगळी पद्धत सांगितली आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहत जायचे. सुरीपेक्षा कुंचल्याने थर नीट दिसतात. शारीरस्थानात त्याने सात ‘कला’ वर्णिल्या आहेत. त्यांतली पहिली मांसधरा, म्हणजे मांसाला धरून ठेवणारी, जिच्यात शिरा आणि स्नायू पसरलेले असतात. आजचे आयुर्वेदाचे काही अध्यापक तिचे नाते फॅशियाशी जोडतात. ही जुळणी आजची आहे आणि ती तेवढीच मानावी. पण त्या जुन्या निरीक्षकाला थर आणि त्यांचे धरून ठेवणे दिसले होते, यात शंका नाही.

हा पडदा किती घट्ट असतो, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पोटरीत किंवा हाताच्या पुढच्या भागात मार लागून आत सूज चढली तर भोवतालचा फॅशिया ताणून जागा करून देत नाही. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. तेव्हा सर्जन तो पडदा उभा कापून दाब मोकळा करतात. मोडलेल्या हाडावर हाडवैद्याने करकचून बांधलेल्या कामट्यांनीही हेच संकट ओढवते. पट्टी बांधल्यावर बोटे थंड पडली, निळी झाली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सोडून रुग्णालय गाठावे. या एका चुकीने अनेकांचे हात कायमचे आखडले आहेत.

आता वाकलेल्या पाठीकडे वळू. लंडनमधल्या फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघा संशोधकांनी १९५० च्या दशकात माणसांच्या पाठीवर विद्युतलहरी टिपणारी टोके लावली आणि त्यांना हळूहळू पुढे वाकायला सांगितले. सुरुवातीला पाठीचे स्नायू जोरात काम करताना दिसले, कारण धड खाली पडू नये म्हणून तेच त्याला धरून ठेवतात. माणूस पूर्ण वाकला आणि मग चमत्कारिक गोष्ट घडली. स्नायू गप्प झाले. लहरी जवळजवळ थांबल्या. धडाचे ओझे आता मणक्यांमधल्या अस्थिबंधांनी, गाद्यांनी आणि त्या कमरेच्या जाड पडद्याने पेलले होते. सोयाबीन सोंगताना पूर्ण वाकलेल्या बाईची पाठ अशीच या निर्जीव वाटणाऱ्या पण जिवंत पडद्यावर टांगलेली असते.

टांगलेली वस्तू सावकाश ताणते. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ साली माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून ठेवले आणि नंतर त्यांची कंबर किती सैलावली ते मोजले. उभे राहिल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जवळपास निम्मा सैलपणा ओसरला. उरलेला मात्र अर्ध्या तासानंतरही पूर्ण गेला नव्हता. ताणून सैल झालेली कंबर त्या वेळात मणक्याला नेहमीसारखा आधार देत नाही, म्हणून बराच वेळ वाकल्यावर लगेच जड वस्तू उचलू नये, असे मॅकगिल सांगतात. आपल्या शेतात नेमके उलटे घडते. तासन्‌तास वाकून वेचलेला कापूस गाठोड्यात बांधला जातो आणि तीच बाई त्याच क्षणी तो डोक्यावर घेते. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे मध्ये पाठ सरळ करायला थांबणे म्हणजे पदरचे पैसे सोडणे. या दुखण्यात शरीराइतकाच मजुरीच्या हिशेबाचा वाटा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

हा पडदा स्वतः दुखतो का? जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या कमरेत खारट पाण्याचे इंजेक्शन वेगवेगळ्या थरांत दिले. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनपेक्षा फॅशियात दिलेल्या इंजेक्शनची वेदना जास्त तीव्र होती, जास्त वेळ टिकली आणि जास्त दूरवर पसरली. याचा अर्थ त्या पडद्यात संवेदनेच्या नसांची टोके भरपूर आहेत. अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठात हेलेन लँजव्हिन यांनी २०११ साली १२१ माणसांच्या कमरेचे अल्ट्रासाउंड केले. त्यांतल्या ७१ जणांना जुनाट कंबरदुखी होती. त्यांच्या फॅशियाचे थर एकमेकांवरून सुमारे २० टक्के कमी सरकत होते. दुखण्यामुळे हालचाल कमी झाली आणि म्हणून थर आखडले, की थर आखडले म्हणून दुखू लागले, याचा निवाडा या पाहणीतून होत नाही. पण आखडलेपण हा नुसता मनाचा भास नाही, हे तिच्यातून दिसले.

इथे मालिश करणारा हात येतो.

अंग चोळून देणारे, लचक काढणारे, नस बसवणारे लोक आपल्याकडे प्रत्येक पंचक्रोशीत आहेत. उसण भरली की पायाळू माणसाला शोधायची पद्धत विदर्भासह सगळ्या महाराष्ट्रात आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. पायाळू असण्याचा गुण पायात उतरतो याला काही आधार नाही. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते, हे त्या पायाच्या यशाचे मोठे कारण. दुसरे कारण असे की, घाबरून ताठ धरून ठेवलेल्या पाठीला कोणीतरी विश्वासाने हात किंवा पाय लावतो आणि माणूस पुन्हा हलायला लागतो. हालचाल सुरू होणे, हाच त्यातला खरा इलाज असावा.

पश्चिमेत या कामाला शास्त्राचा वेश देण्याचा मोठा प्रयत्न आयडा रॉल्फ या बाईंनी केला. १८९६ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या रॉल्फ यांनी १९२० साली कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, योगाचाही अभ्यास केला, आणि कोपर व बोटांच्या गाठींनी खोल दाब देत शरीराची ठेवण सुधारायची दहा बैठकांची पद्धत तयार केली. त्यांचे म्हणणे असे की, दाबाने फॅशिया मऊ होतो आणि त्याला नवा आकार देता येतो. आजही अनेक मालिशवाले ‘गाठ फोडली’, ‘चिकटलेले सोडवले’ असे सांगतात.

हिशेब मात्र वेगळे सांगतो. २००८ साली गणिती प्रारूप वापरून असे तपासले गेले की, मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा जाड फॅशिया अवघा एक टक्का दबावा म्हणून किती बळ लागेल. उत्तर आले ते माणसाच्या हाताला झेपणाऱ्या मर्यादेपलीकडचे. अमेरिकेतच २०११ साली जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर तुलना झाली. एका गटाला ऊतींची नेमकी ठिकाणे शोधून, फॅशियावर काम करणारी मालिश दिली, दुसऱ्याला सर्वांगाची नुसती आराम देणारी, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. दहा आठवड्यांनी मालिशचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे मालिशचा उपयोग खरा आहे, पण त्याचे नेहमी दिले जाणारे कारण लंगडे आहे. हात पडदा फाडत नाही की वितळवत नाही. तो त्या पडद्यातल्या आणि कातडीतल्या नसांमधून मज्जारज्जूला आणि मेंदूला खबर पाठवतो, आणि मेंदू स्नायूंवरची पकड सैल करतो, असे आता मानले जाते.

ही खबर नेणाऱ्या नसांची माहिती आता बरीच हाती आहे. स्नायू, सांधे आणि स्नायुबंध आपली स्थिती सतत कळवत असतात. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला वेगळे नाव दिले आणि तिचा पाया घातला. अंधारात चमचा तोंडापर्यंत बरोबर जातो तो तिच्यामुळे. दाब आणि ताण ओळखणारे रेणू कोणते, हे शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आणखी एका प्रकारच्या नसा लव असलेल्या कातडीत असतात. त्या अगदी सावकाश स्पर्शालाच, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या वेगालाच, जास्त प्रतिसाद देतात. मूल झोपवताना आई पाठीवरून हात फिरवते तो साधारण याच वेगाने, आणि तो वेग तिला कोणी शिकवलेला नसतो.

बाळंतिणीच्या घरातली तेल लावणारी बाई ही या विद्येची सर्वांत जुनी जाणकार. तान्ह्याला पायांवर घेऊन, तेल चोळून, कोमट पाण्याने न्हाऊ घालण्याचा सोहळा यवतमाळच्या गावांत अजून रोज चालतो. टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे, दहा दिवस चोळले. त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा दिवसाला ४७ टक्के जास्त वाढले. मुंबईच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खनिज तेलापेक्षा खोबरेल जास्त मानवले. पण परंपरेतले सगळेच स्वीकारू नये. बाळाच्या नाकात तेल सोडले तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक ओढून सरळ करणे, डोके दाबून गोल करणे, सांधे कडकड मोडणे बंदच व्हायला हवे. बाळंतिणीच्या एका पायाला सूज आणि वेदना असेल तर तो पाय चोळू नये, तिथे रक्ताची गुठळी असू शकते.

तळपायाला काशाची वाटी घासायची रीतही अशीच नीट समजून घ्यावी. तेल लावून वाटी फिरवली की तळवे काळे होतात आणि अंगातली उष्णता निघाली म्हणतात. तो काळेपणा मुख्यतः वाटीच्या घासलेल्या धातूचा असतो. वाटीने आराम वाटतो आणि झोप लागते, हे खरे, आणि तेवढे कारण तिच्यासाठी पुरेसे आहे.

शरीराची खबर मेंदूपर्यंत पोहोचलीच नाही तर काय होते, याची साक्ष विदर्भाने फार जवळून पाहिली आहे. कुष्ठरोगाचे जंतू नसांना इजा करतात आणि हातापायांची संवेदना जाते. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. चटका, काटा, घासलेली चप्पल यांची वेदनाच कळत नाही, त्यामुळे जखम वाढत जाते आणि बोट जाते. सेवाग्रामच्या आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केली. ज्या अंगाला कोणी शिवत नव्हते, त्याला रोज हात लागला. वणीपासून जवळच, वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली. स्वतः बाबांचा कणा इतका झिजला होता की १९८५ च्या भारत जोडो यात्रेत ते गाडीत आडवे पडून प्रवास करत. अंगावर सुन्न चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते. संवेदना गेलेल्या पायांची रोज संध्याकाळी नजरेने आणि हाताने तपासणी करायला रुग्णांना शिकवतात. शरीराची जाणीव जोपासणे म्हणजे काय, याचे इतके सरळ आणि उपयोगी उदाहरण दुसरे नाही.

निरोगी माणसाने ती जोपासावी कशी? महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून योगक्रियांची उपकरणांनी मोजदाद केली. इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांच्या केंद्रात १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे साधक डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत प्रत्येक भागातली संवेदना फक्त पाहतो, तिच्यावर प्रतिक्रिया देत नाही. अशाच प्रकारच्या सजगतेच्या सरावाचा जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला. २०१६ सालच्या त्या अहवालात, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सराव करणाऱ्यांची कंबर सहा महिन्यांनी जास्त कामाची राहिली होती.

शेतात दहा दिवसांची सुट्टी कोणाला मिळत नाही. तिथे सराव पातीवरच करावा लागतो. वाकण्याआधी दोन श्वास कमरेकडे लक्ष द्यावे, गुडघ्यात थोडे वाकून ओझे मांड्यांवर घ्यावे, हात बदलता येत असेल तर बदलावा. दुखणे कुठून सुरू होते आणि कोणत्या हालचालीने कमी होते, हे स्वतः ओळखायला शिकावे. डॉक्टरांपुढे ‘सगळीच कंबर दुखते’ यापेक्षा ‘वाकून उठताना डावीकडे चमक निघते’ हे सांगणे कितीतरी कामाचे असते. रात्री घरातल्याच कोणाकडून कोमट तेलाचा सावकाश हात पाठीवर फिरवून घ्यावा. जोर लावून कळ काढण्याची गरज नाही, वर दिलेले प्रयोग तेच सांगतात.

काही खुणा मात्र मालिशच्या पलीकडच्या आहेत. पायात ताकद कमी होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, ताप किंवा वजन घटण्यासोबतची पाठदुखी: यांत पाठीला हात न लावता थेट यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे.

आणि जे काम एकट्या बाईच्या हातात नाही, ते गावाने करावे. निंदण-सोंगणीच्या टोळीत दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे पाठ सरळ करून उभे राहायची रीत घालावी आणि मालकाने त्याची मजुरी कापू नये. तण काढायला सायकल कोळपे आणि लांब दांड्याची अवजारे गटाने विकत घ्यावीत. वेचणी संपल्यावर गाठोडे लगेच डोक्यावर न घेता थोडे थांबून, दोघींनी मिळून उचलावे. आशाताईंनी पुढच्या हंगामात एवढ्या तीन गोष्टी गावात सांगितल्या तरी पुष्कळ कमरा वाचतील.